आदम, डार्विन आणि धर्मोपदेशक
(एका अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संक्षेप)



मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी. जीवशास्त्रावर अधिकारवाणीने मी बोलू शकत नाही. परंतु एखादे मत समाजात का रुजते, कोणाच्या पैशाने पसरते आणि त्याचा भुर्दंड कोणावर पडतो, हे प्रश्न आमच्या शास्त्राच्या कक्षेत येतात.

मुस्लिम धर्मोपदेशक म्हणजे उत्क्रांतिवादाचा जन्मजात शत्रू, असे आपण गृहीत धरतो. इतिहास इतका सरळ नाही. १८८१ च्या सुमारास जमालुद्दीन अफगाणी यांनी आपल्या शेजारच्या हैदराबादेत राहून भौतिकवाद्यांच्या खंडनाचा फारसी ग्रंथ लिहिला आणि त्यात डार्विनची यथेच्छ टवाळी केली. त्यांचा खरा रोख मात्र सर सय्यद अहमद खान यांच्या पंथावर, म्हणजे इंग्रजी राजवटीशी जुळवून घेणाऱ्यांवर होता. डार्विन हा आयता हाती लागलेला दगड! उलट, त्याच दशकात लेबनॉनमधील त्रिपोलीचे शेख हुसेन अल्-जिस्र यांनी लिहिले की, उत्क्रांती निःसंशय सिद्ध झालीच, तर कुराणातील वचनांचा अर्थ तिच्याशी सुसंगत लावता येईल. ऑटोमन सुलतानाने त्यांचा गौरवच केला. आणि १८८२ मध्ये बैरूतच्या अमेरिकन महाविद्यालयात डार्विनची प्रशंसा केल्यामुळे एडविन लुईस या प्राध्यापकाला पद सोडावे लागले, तेव्हा त्याला घालवणारे मौलवी नव्हते, ख्रिस्ती मिशनरी होते.

पृथ्वीच्या वयाबद्दल इस्लामी पंडितांना फारशी अडचण नसते. ईश्वराचा एक दिवस हजार वर्षांसारखा, असे कुराणच सांगते. सारे अडते ते आदमपाशी. म्हणून आज अनेक उपदेशक म्हणतात, पशुपक्षी उत्क्रांत झाले असतील, माणूस तेवढा अपवाद. ही तडजोड मला तर्कदृष्ट्या लंगडी वाटते. तरीही तिने शाळेचे दार उघडे राहते, म्हणून तिची हेटाळणी करू नये. काही वक्ते याच्याही पुढे जाऊन डार्विनचे श्रेय इब्न खल्दूनला देतात. श्रमविभागणी व करांवरील विवेचनामुळे हा ग्रंथकार आम्हाला प्रिय आहे. त्याच्या १३७७ च्या ‘मुकद्दिमा’त खनिजांपासून वानर व मानवापर्यंत चढती साखळी आहे खरी, पण नैसर्गिक निवडीचा तीत मागमूस नाही. दशावतारांत उत्क्रांती शोधणारे आपल्याकडेही आहेतच.

आजच्या प्रचाराचे मूळ मात्र मशिदीत शोधू नका. १९८० च्या लष्करी उठावानंतर तुर्कस्तानच्या सेनापतींना डाव्यांविरुद्ध धर्माचा आधार हवा होता. तेथील शिक्षणमंत्री वेहबी दिनचेर्लेर यांनी १९८५ मध्ये अमेरिकेतील ख्रिस्ती सृष्टिनिर्मितीवाद्यांच्या संस्थेकडे साहित्य मागितले. कच्चा माल अमेरिकन, पक्का माल इस्लामी! पुढे हारुन याह्या या नावाने लिहिणाऱ्या अदनान ओक्तारने सुमारे आठशे गुळगुळीत पानांचा, पाच किलोंहून जड सचित्र ग्रंथ काढला आणि २००७ मध्ये फ्रान्समधील शाळांना न मागता फुकट पाठवला. ग्राहक किंमत मोजत नसेल, तर ती कोण मोजतो, हे विचारणे अर्थशास्त्रज्ञाचे कामच आहे. जिवंत कीटक म्हणून त्यात छापलेल्या चित्रांपैकी काही गळाला लावायची कृत्रिम आमिषे निघाली. हा गृहस्थ ना आलिम होता, ना शास्त्रज्ञ. २०२२ मध्ये त्याला लैंगिक अत्याचारादी गुन्ह्यांसाठी हजारो वर्षांची शिक्षा झाली. आपल्या मुंबईचे झाकीर नाईक तर शिक्षणाने डॉक्टर. ‘ही केवळ उपपत्ती आहे, सिद्ध सत्य नव्हे’, हा त्यांचा युक्तिवाद. विज्ञानात उपपत्ती म्हणजे अंदाज नव्हे, हे वैद्यकाच्या पदवीधराला कोणी सांगावे?

ऑक्टोबर २०२३ मध्ये पाकिस्तानातील बन्नू येथे जीवशास्त्राच्या एका प्राध्यापकाला मौलवींच्या उपस्थितीत, मुद्रांकाच्या कागदावर लिहिलेले निवेदन वाचावे लागले. शरियतविरोधी विचार, डार्विनसकट, खोटे आहेत, असे त्यात होते. स्त्रीची बुद्धी पुरुषाहून कमी, हेही त्यात होते. वादाचा आरंभ झाला होता स्त्रियांच्या हक्कांवरील परिसंवादातून. हैदराबादेतला दगड बन्नूत पुन्हा उपयोगी पडला.

आणि त्याच वर्षी आपल्या राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन परिषदेने दहावीच्या विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला. त्यासाठी एकाही मौलवीला तोंड उघडावे लागले नाही. अकरावीत जीवशास्त्र न घेणारी मुले, मग ती मोमिनपुऱ्यातली असोत वा सदाशिव पेठेतली, त्या पुस्तकांपुरती तरी डार्विनला न भेटताच शाळा सोडतील.