दिवस भरण्याआधी आलेल्या बाळाचं वय

37 आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाची वाढ जन्मतारखेवरून मोजली, तर ते बहुतेकदा मागे पडलेलं दिसतं. 32 आठवड्यांवर आलेलं बाळ सहा महिन्यांचं झालं, तरी प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपर्यंत अपुरे राहिलेले आठ आठवडे वजा करता त्याचं सुधारित वय चार महिन्यांच्या आसपासच भरतं. मान धरणं, पालथं पडणं, वजन या सगळ्याची अपेक्षा दोन वर्षांपर्यंत याच वयावरून ठेवायला हवी. नाहीतर घरचे घाबरतात आणि अंगावरचं दूध तोडून वरचं सुरू करतात, ही फार वाईट गोष्ट आहे. लसी मात्र, डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर, जन्मतारखेनुसारच द्यायच्या.

कुणी म्हणेल, अशी सवलत दिली तर खरा आजार झाकला जाईल. पण योग्य वयाच्या तक्त्यावर दर भेटीची नोंद केली, तरच खरी घसरण उठून दिसते. नुसतं वजनही पुरत नाही. डोक्याचा घेर ही मेंदूच्या वाढीची खूण. तो वाढायचा थांबला किंवा झपाट्यानं वाढू लागला, तर लगेच तपासणी हवी. म्हणून बाळ किती आठवड्यांवर जन्मलं ते कार्डावर ठळक लिहून घ्या आणि प्रत्येक भेटीत वजन, लांबी, डोक्याचा घेर ही तिन्ही मापं आग्रहानं मागून घ्या.