खाडे, विसराळूपणा आणि एक निदान



पैठण रस्त्यावरील चितेगाव महाराष्ट्राला ठाऊक झाले ते व्हिडिओकॉनच्या कारखान्यामुळे. ती कंपनी २०१८ साली दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. पण आजच्या विषयाचा संबंध कारखान्याच्या दिवाळखोरीशी नाही, कामगाराच्या चारित्र्याचे जे दिवाळे परस्पर जाहीर केले जाते त्याच्याशी आहे.

या पट्ट्यातला एखादा पस्तिशीचा कंत्राटी कामगार डोळ्यांसमोर आणा. हत्यार कोठे ठेवले ते विसरतो, पाळीला उशिरा पोहोचतो, सांगितलेल्या तीन कामांपैकी मधले हटकून राहून जाते. मुकादम त्याला कामचुकार म्हणतो, घरचे धांदरट म्हणतात, आणि त्याचाही त्यावर विश्वास बसलेला असतो. १९४६ च्या कायद्याखालील नमुना स्थायी आदेशांत नेहमीचा उशीर आणि कामातील नेहमीची हयगय ही गैरवर्तनेच मानलेली होती. त्या ‘नेहमी’मागे काय दडलेले आहे, हे कोणत्या चौकशी अधिकाऱ्याने विचारले असेल?

वैद्यकशास्त्र या अवस्थेला एडीएचडी, म्हणजे अवधानाची न्यूनता व अतिचंचलता, असे नाव देते. लंडनचे डॉक्टर जॉर्ज स्टिल यांनी १९०२ साली अशा मुलांविषयी व्याख्याने दिली. पुढे कितीतरी वर्षे हा बालपणीचाच विकार समजला जाई. तो अनेकांच्या बाबतीत प्रौढपणीही टिकतो, हे मागाहून मान्य झाले. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या २०१३ च्या निकषांनुसार प्रौढात नऊपैकी पाच लक्षणे पुरतात, मात्र त्यांतील काही बाराव्या वर्षापूर्वी दिसलेली असावी लागतात. ती घर, काम अशा एकाहून अधिक ठिकाणी दिसावी लागतात, आणि त्यांनी जगण्यात खरा अडथळा आणलेला असावा लागतो. रक्त तपासून वा मेंदूचे छायाचित्र काढून हे निदान होत नाही. प्रश्नावली, दीर्घ मुलाखत आणि बालपणाची साक्ष यांवर ते उभे असते. थायरॉइड, अपुरी झोप, नैराश्य, दारू यांनीही मन असेच विखुरते, म्हणून ती कारणे आधी तपासावी लागतात.

खरी अडचण साक्षीची आहे. शहरातील सुखवस्तू माणूस शाळेचे जुने प्रगतिपुस्तक कपाटातून काढून देतो. ज्याचे बालपण आईबापांबरोबर ऊसतोडीच्या फडावर गेले, त्याने ते कोठून आणावे? दिवाळीनंतर शाळाच सुटत असे. अभ्यासात लक्ष लागत नव्हते की शाळाच नव्हती, हे आज कोण ठरविणार? त्यात दोन-तीन फेऱ्या म्हणजे दोन-तीन खाडे, आणि प्रत्येक खाड्याचा रोज बुडतो.

राज्यातील चार जुनी मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथे आहेत. मराठवाड्याच्या वाट्याला त्यांतील एकही आले नाही. चितेगावकरांना जवळ आहे ती घाटी. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने २०१५-१६ मध्ये दाखविले की बहुतेक मनोविकारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांविना राहतात. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने सरकारी सेवेतून उपचार मिळण्याचा हक्क दिला खरा. पण २०१६ च्या अपंग हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांत अध्ययन-अक्षमतेचे नाव आहे, एडीएचडीचे स्वतंत्र नाव नाही. यावरील मेथिलफेनिडेट हे औषध अमली पदार्थविरोधी कायद्याच्या अनुसूचीत असल्याने चिठ्ठीवाचून मिळत नाही, आणि ते योग्यच आहे.

येथे एक सावधगिरी हवी. बारा-बारा तासांच्या पाळीत कोणाचेही लक्ष उडते. त्या थकव्याला मेंदूचा दोष म्हणून खपविणे मालकाला सोयीचेच ठरेल. निदान व्हावे ते डॉक्टरांच्या खोलीत, मनुष्यबळ विभागात नव्हे. आणि निदानाचा कागद मालकाला दाखवायचा की नाही, हे कामगाराने ठरवावे.

तरीही निदानाचे मोल मोठे आहे. औषधाने, कामाची छोटी फोड करून लेखी सूचना दिल्याने, पाळीच्या वेळा स्थिर ठेवल्याने बराच फरक पडू शकतो. चाळिशीजवळ आलेल्या माणसाला आपण आळशी नव्हतो हे कळते, तेव्हा गेली वर्षे परत येत नाहीत. बायको मात्र भांडणांचा हिशेब नव्याने मांडू लागते.

कार्यकर्त्यांनी चौकशीत केवळ दयेचा अर्ज करून थांबू नये. अशा सोबत्याबरोबर घाटीच्या बाह्यरुग्ण विभागात जावे. शक्य असल्यास त्याच्या आईला बरोबर न्यावे, कारण लहानपणी तो कसा होता हे तिच्याइतके कोणी सांगू शकत नाही. गावच्या शाळेच्या जनरल रजिस्टरमधून नाव दाखल झाल्याच्या आणि कमी केल्याच्या तारखा उतरवून घ्याव्यात. पहिले बोलणे फोनवर करावयाचे असल्यास २०२२ पासून सुरू असलेल्या टेलिमानसचा क्रमांक १४४१६ आहे.