बँकेचा कागद मागणाऱ्या मेंडोझाबाई

महिन्याच्या बैठकीत आपण गटाचं रजिस्टर आणि पासबुक शेजारी ठेवून आकडे ताडून बघतो ना? फिलिपाईन्स देशातल्या हायडी मेंडोझाबाईंनी हेच केलं, फक्त समोर लष्कराचा हिशेब होता.

त्या सरकारी ऑडिटर. 2004 साली लष्कराचा पैसा सांभाळणारे जनरल कार्लोस गार्सिया यांच्यावर संशय आला, आणि तपासणीच्या पथकाचं काम बाईंकडे आलं. लष्कराचे 20 कोटी पेसो बँकेत जायला हवे होते. (पेसो म्हणजे तिकडचा रुपया.) लष्करानं दाखवलेल्या कागदांवर बाई थांबल्या नाहीत, थेट बँकेकडून चेकचे कागद मिळवले. त्या खात्यात 5 कोटी पोचलेच नव्हते!

पुढचं ऐकून राग येईल. 2010 मध्ये सरकारी वकिलांनी गार्सियांशी तडजोड केली. काही मालमत्ता परत करा, मोठा गुन्हा सोडतो. कारण काय, तर पुरावा कमी आहे. अहो, पुरावा तर बाईंनी वर्षांपूर्वीच गोळा केला होता!

बाई तेव्हा आशियाई विकास बँकेत होत्या. 2011 साली ती नोकरी सोडून त्या संसदेच्या समितीपुढे साक्षीला उभ्या राहिल्या. हातची नोकरी सोडणं काय असतं, घर चालवणारीला विचारा.

त्याच वर्षी त्यांना देशाच्या लेखापरीक्षण आयोगावर नेमलं. 2015 साली संयुक्त राष्ट्रांनी अंतर्गत तपासणीचं प्रमुखपद दिलं. आणि गार्सिया? लाचखोरीच्या त्या खटल्यात कोर्टानं शिक्षा सुनावली ती 2022 साली.