नववीचा दाखला

मुंबईतील माध्यमिक शाळांच्या मुख्याध्यापक बंधुभगिनींनो,

आपण मला या अध्यक्षाच्या खुर्चीवर बसवलेत. अध्यक्षाने वर्षाचा आढावा घ्यावा असा रिवाज आहे. वेतनेतर अनुदान, संचमान्यता, गिरगाव-दादरच्या मराठी शाळांचे ओस पडणारे वर्ग. झाला आढावा, गेल्या अधिवेशनातही हेच बोललो होतो. मला दुसरेच बोलायचे आहे, आणि निवृत्तीआधी हीच संधी आहे.

दहावीचा निकाल लागला की नाक्यानाक्यावर फलक चढतात : यंदाही १०० टक्के. त्यावरून पालक शहरातल्या शाळांची प्रतवारी लावतात आणि, खरे बोलू या, आपणही लावतो. सकाळच्या परिसंवादात महापालिकेच्या शाळा बऱ्या की अनुदानित, यावर चांगलीच जुंपली. दोन्ही बाजूंच्या हातात हत्यार एकच होते, निकालाची टक्केवारी.

तिचा भागाकार बघा. वर उत्तीर्ण, खाली प्रविष्ट, म्हणजे परीक्षेला बसलेले. बसू न दिलेले त्यात कुठेच नाहीत.

शिक्षणहक्क कायद्याने २०१० पासून आठवीपर्यंत नापास करणे थांबले. पाचवी-आठवीला आता पुन्हा परीक्षा आली, पण छाटणी नववीतच करायची सवय काही सुटलेली नाही. वर्ष संपता संपता पालकांना बोलावणे जाते. ‘नववी पास करतो, पण दाखला घेऊन जा. सतरा नंबरचा फॉर्म भरा.’ पोरगा खाजगी विद्यार्थी झाला. बोर्डाच्या पत्रकात नियमित, पुनर्परीक्षार्थी आणि खाजगी यांचे हिशेब वेगळे असतात. तो आपटला तरी शाळेला डाग लागत नाही. हाच मुलगा महापालिकेच्या प्राथमिक शाळेतून निघाला तेव्हा आपले शिक्षक त्याच्या घरी जाऊन त्याला घेऊन आले होते, कारण पट घसरला असता तर त्यांच्यातलाच एखादा अतिरिक्त ठरला असता. पटासाठी आठवीत घ्यायचे आणि निकालासाठी नववीत सोडायचे, असा हा व्यवहार आहे.

असा एक मुलगा आईबरोबर माझ्यासमोर उभा राहिला. शाळेचे नाव सांगत नाही, मंडळी सभागृहात असतील. भागाकार येत नव्हता, मराठी मात्र स्वच्छ लिहायचा. परवानगीचे कागद रंगवून त्याला दहावीत घेतला. मार्चमध्ये तो गणितात गेला आणि आमचे शंभर टक्केही गेले. संस्थेच्या कार्यवाहांनी मला विचारले, ‘हे पोर घेतले कुणी?’ जुलैच्या पुरवणी परीक्षेत तो सुटला, पण फलक मार्चच्या निकालाचा लागतो. त्या वर्षी त्याला घालवणारी शाळा वर राहिली आणि त्याला शिकवणारी खाली गेली.

ज्यांचा टक्क्यांवर अजून भरवसा आहे, त्यांनी राज्याचे आकडे आठवावेत. २०१८ला दहावीचा निकाल ८९.४१ टक्के. २०१९ला अभ्यासक्रम नवा आणि भाषा व सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत २० गुण बंद, तर ७७.१०. २०२०ला ते गुण परत आले, भूगोलाचा पेपर कोरोनाने रद्द झाला, ९५.३०. २०२१ला परीक्षाच झाली नाही, तेव्हा ९९.९५. या चार वर्षांत शिक्षक तेच होते आणि फुटके बाकही तेच.

सकाळी एका तरुण मित्राने मराठी की इंग्रजी, हा माध्यमाचा मुद्दाही काढला. मी दोन्ही माध्यमांत शिकवले आहे. प्रवेशाला रांग लागते तिथे मुख्याध्यापकाला मुले निवडता येतात, याहून मोठा फरक मला दिसला नाही. रात्रशाळेतही शिकवले. दिवसभर वर्कशॉपमध्ये राबलेला मुलगा रात्री माझ्या बीजगणिताच्या तासाला जागा राहायचा, हे मी पाहिले आहे. त्या शाळेचा निकाल कधी फलकावर गेला नाही. तिला वाईट म्हणणाऱ्याशी मला वाद घालायचा नाही.

मला हवी ती तुलना एवढीच : आठवीच्या हजेरीपटावर किती नावे होती, त्यांतली किती मुले तीन वर्षांत, जुलै धरून, दहावी सुटली, आणि दाखला नेलेली गेली कुठे. सरकारच्या ऑनलाइन प्रणालीत प्रत्येक मुलाची नोंद आहे, तेव्हा माहिती नाही असे कुणी म्हणू नये. कार्यकारिणीने समिती नेमावी, अशा तक्त्याचा नमुना ठरवावा. सदस्य कोण, मुदत किती, ते दिवाळीनंतर बघू. महापालिकेच्या शाळांनाही बोलवावे लागेल. कसे, तेही तेव्हाच.

माझ्या शाळेचा तक्ता मी आणला आहे, जेवणाच्या सुटीत बाहेरच्या टेबलावर ठेवतो. ज्यांच्या नाक्यावर शंभराचा फलक आहे, त्यांनी आपापला तक्ता आणून शेजारी मांडावा. फलकाचा फोटो चालणार नाही.