मत्स्यतळ्यांतील परजीवी : उपाय गावाच्याच हाती



पेणच्या खारेपाटात तळे हा घराचाच भाग मानला जातो. खाडीचे पाणी बांधाने अडवून पिकवलेले भात, त्याच्या कडेला पावसाचे गोडे पाणी साठवणारे तळे आणि त्या तळ्यात वाढणारा जिताडा, ही येथील जुनी रचना आहे. जिताड्याची पिल्ले खाडीतून आणून गोड्या पाण्यात वाढवण्याची विद्या या भागातील समाजाने कोणत्याही विद्यापीठाची वाट न पाहता आत्मसात केली. (अडलेली कामे जिताड्याच्या भेटीने मार्गी लागतात, असे रायगड जिल्ह्यात गमतीने म्हटले जाते, त्या विषयात येथे शिरण्याचे कारण नाही.) रोह्याकडे कुंडलिकेचे पाणी डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून कालव्यांनी शिवारात येते. तेथे शेततळ्यांत रोहू, कटला, मृगळ वाढवता येतात.

मत्स्यविद्या या भूमीला नवी नाही. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मत्स्यविनोदाचे स्वतंत्र प्रकरण लिहिले आणि माशांच्या जाती व त्यांचे खाद्य यांची नोंद केली. १० जुलै १९५७ रोजी ओरिसातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी कार्प माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले. तेव्हापासून नदीतील बीजावर विसंबून राहण्याची गरज संपली आणि मत्स्यबीज दूरवर पाठवता येऊ लागले. मात्र बीजाबरोबर, त्याच पाण्यातून, परजीवीही प्रवास करू लागले.

यांतील सर्वांत उपद्रवी म्हणजे माशांची ऊ, शास्त्रीय नाव आर्ग्युलस. ही ऊ चपटी, जवळजवळ पारदर्शक आणि काही मिलिमीटर लांबीची असते. दोन चूषकांनी ती माशाच्या अंगाला चिकटते आणि सुईसारख्या अवयवाने त्वचा टोचून रक्त व शरीरद्रव शोषते. मासा बांबूला, काठाला अंग घासू लागतो, उसळ्या मारतो, खाणे सोडतो. खवले सुटतात, लाल व्रण पडतात आणि त्या व्रणांतून जिवाणू व बुरशी शिरतात. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेच्या संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार, केवळ या उवांमुळे कार्पच्या तळ्यांत हेक्टरी वर्षाला सुमारे २९ हजार ५०० रुपयांचे नुकसान होते. लहान तळेवाल्याच्या बाबतीत हा आकडा म्हणजे मुलांच्या शिक्षणाची रक्कम होय.

ऊ दिसताच शेतकरी दुकानातून कीटकनाशकाची बाटली आणतो आणि अंदाजाने तळ्यात ओततो. दोन दिवस बरे वाटते. पंधरवड्याने उवा पुन्हा दिसतात, मग मात्रा दुप्पट होते. याचे कारण उवेच्या जीवनक्रमात आहे. मादी अंडी माशाच्या अंगावर घालीत नाही. ती मासा सोडून पाण्यातील दगड, लाकूड, खुंट यांवर रांगेने शेकडो अंडी चिकटवते. औषधाने अंगावरील उवा मरतात, पण कवचातील अंडी टिकतात आणि उबदार पाण्यात दोन-तीन आठवड्यांत फुटतात. शिवाय खारेपाटात उन्हाळ्यात पाण्याची ओढ असते. गुरे ज्या तळ्यावर पाणी पितात आणि बायाबापड्या जेथे धुणे धुतात, त्याच तळ्यात हे विष कालवले जाते. याला उपचार म्हणता येत नाही.

अंडी घालण्याची ही सवयच शेतकऱ्याच्या उपयोगी पडते. तळ्यात ठिकठिकाणी बांबू किंवा फळ्या रोवाव्यात. मादी त्यांवर अंडी घालते. दर आठ-दहा दिवसांनी ते बांबू बाहेर काढून कडक उन्हात पूर्ण वाळवावेत व पुन्हा रोवावेत. जुने खुंट, पाणवनस्पती आणि इतर कठीण वस्तू मात्र आधी काढून टाकाव्यात, नाहीतर मादीला दुसरी जागा मिळते. या उपायाला खर्च जवळजवळ नाही, चिकाटी मात्र हवी.

परजीवी एवढ्यावर संपत नाहीत. लर्निया नांगरासारखे डोके मांसात रुतवते. डॅक्टिलोगायरस कल्ल्यांवर बसतो. त्यामुळे मासा पृष्ठभागावर येऊन धापा टाकतो आणि शेतकऱ्याला प्राणवायू कमी झाला असे वाटते. काही कृमींचे चक्र गोगलगाय, मासा आणि बगळा असे तिघांतून फिरते. त्यांना रोखायचे तर काठावरचे गवत आणि गोगलगायी कमी कराव्या लागतात. बगळ्यांवर दगड मारून काही साधत नाही.

नव्या बोटुकलीला तळ्यात सोडण्यापूर्वी मिठाच्या पाण्यात बुडवण्याची पद्धत सोपी आहे. लिटरला २० ते ३० ग्रॅम मीठ घ्यावे, काही मिनिटेच ठेवावे आणि मासा कलंडू लागताच बाहेर काढावे. कल्ल्यांवरील सूक्ष्म परजीवी यात बऱ्याच अंशी गळून पडतात. उवांसाठी मात्र केवळ मिठावर भिस्त ठेवू नये. मिठागरांच्या पेण परिसरात हा उपाय महाग पडण्याचे कारण नाही.

खरी अडचण एका तळ्याची नसते. एकच जाळे पाच तळ्यांत फिरते. जिताड्याला खाद्य म्हणून दुसऱ्या तळ्यातील चिलापी आणून सोडली जाते आणि तिच्या अंगावरून उवा येतात. एकाने तळे स्वच्छ केले आणि शेजाऱ्याने केले नाही, तर पहिल्याचे श्रम वाया जातात. म्हणून जाळे प्रत्येक वापरानंतर उन्हात वाळवावे, तळी मे महिन्यात एकाच वेळी तळाला भेगा पडेपर्यंत सुकवावीत आणि चुना टाकावा. हे गावाने एकत्र बसून ठरवले पाहिजे. बांधाची फूट सर्वांनी मिळून बुजवण्याची परंपरा असलेल्या गावांना हे अवघड नाही.

रोग ओळखण्यासाठी रोहे तालुक्यातच, किल्ला येथे, कृषी विज्ञान केंद्र आहे. अलिबागला मत्स्यव्यवसाय विभागाचे कार्यालय आहे. तेथे जाताना मेलेला मासा पिशवीत घालून नेऊ नये. यजमान मेला की ऊ त्याला सोडून जाते आणि तपासणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. आजारी पण जिवंत मासा, त्याच तळ्याच्या पाण्यात, झाकणाच्या बादलीतून आणि शक्यतो सकाळीच न्यावा.