सिलॅबस कोण लिहितं? आणि ‘माझ्या मशीनवर तर चालतं!’

आजचा भाग मी गोंदियातून, घरूनच रेकॉर्ड केलाय. मध्येच रेल्वेचा भोंगा ऐकू आला तर समजून घ्या. हावडा-मुंबई लाईनवर घर असण्याची ती किंमत आहे. आणि ज्यांच्याकडे इयरफोन नाहीत, किंवा जे लेक्चरमध्ये मागच्या बाकावर बसून हे वाचतायत, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिखित मजकूर.

आजचा विषय आहे सिलॅबस. थांबा, लगेच पुढचा भाग लावू नका! मला माहितीये, सिलॅबस म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्री व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मागायची पीडीएफ. बीटेकची चार वर्षं मीही तेच केलं. वर शिव्याही दिल्या. ‘कोण बनवतं हे? कोणत्या काळातलं शिकवतायत?’ हे वाक्य मी किती वेळा बोललो असेन, त्याचा हिशोब नाही.

मग मागच्या वर्षी माझ्या एका जुन्या सरांचा फोन आला. म्हणाले, ‘बाबू, एमएस्सी कॉम्प्युटर सायन्सच्या तिसऱ्या सेमिस्टरला डेटाचा एक ऐच्छिक पेपर सुचवायचा आहे. मसुदा मी मांडणार, पण तू इंडस्ट्रीत आहेस, जरा हातभार लाव.’ मी म्हटलं, सर, रविवारी संध्याकाळपर्यंत पाठवतो. एका रविवारचं काम समजलो होतो मी. त्याला चार महिने लागले.

आधी थोडी माहिती, कारण ही मला स्वतःलाच नव्हती. आपल्याकडे संलग्न कॉलेजमधले प्राध्यापक आपापला सिलॅबस ठरवत नाहीत. विद्यापीठात प्रत्येक विषयाचं एक अभ्यास मंडळ असतं, म्हणजे बोर्ड ऑफ स्टडीज. ते मसुदा करतं, तो विद्याशाखेकडे जातो आणि तिथून विद्या परिषदेत मंजूर होतो. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात ही रचना दिलेली आहे. आपला गोंदिया जिल्हा राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठात येतो. नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया, चार जिल्ह्यांना एकच सिलॅबस. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाची आहे.

दुसरी गोष्ट क्रेडिटची. २०२३ पासून महाराष्ट्रात नवीन शैक्षणिक धोरणानुसार दोन वर्षांची पीजी ८८ क्रेडिटची झाली. म्हणजे दर सेमिस्टरला २२. पहिल्या सेमिस्टरला संशोधन पद्धतीचा पेपर, दुसऱ्यात प्रत्यक्ष कामाचा अनुभव किंवा फील्ड प्रोजेक्ट, तिसऱ्या-चौथ्यात रिसर्च प्रोजेक्ट, आणि प्रत्येक सेमिस्टरला ४ क्रेडिटचा एक ऐच्छिक विषय. आमचा पेपर त्या ४ क्रेडिटचा.

तर मी रविवारी बसलो आणि तीन तासांत झकास यादी केली. डॉकर, कुबर्नेटीस, स्पार्क, दोन-तीन क्लाउड कंपन्यांची नावं, वरून मशीन लर्निंगची फोडणी. एकूण ३८ मुद्दे. खरं सांगायचं तर मी सिलॅबस लिहिला नव्हता, नोकरीची जाहिरात लिहिली होती. पाठवून दिली आणि शाबासकीची वाट बघत बसलो.

सरांचा फोन आला. ‘काऊन रे, तास मोजले का?’

नव्हते मोजले. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास. ४ क्रेडिट म्हणजे ६० तास. आठवड्याला चार तास धरले तर पंधरा आठवडे. माझ्या एकेका मुद्द्याला नुसते तीन तास धरले तरी ३८ गुणिले ३, म्हणजे ११४ तास. जवळजवळ दुप्पट. सर म्हणाले, ‘असं झालं की पोरांना काय मिळते? दर मुद्द्याची व्याख्या आणि पाच मार्कांची टीप. मग तूच म्हणशील, पोरं रट्टा मारतात.’

इथे मला पहिल्यांदा कळलं की जो सिलॅबस बघून आपण हसायचो, तो आळसाने तसा झाला असेलच असं नाही. माझ्यासारख्या कुणाच्या तरी उत्साहानेही तो तसा होऊ शकतो. प्रत्येक जण एक मुद्दा घालतो, काढत कुणीच नाही. आपण कोडमध्ये फीचर टाकत जातो तसंच.

मग सरांनी तासांचा एक हिशोब शिकवला, जो मला फार आवडला. प्रॅक्टिकलचं एक क्रेडिट ३० तासांचं असतं. म्हणजे चारही क्रेडिट थिअरीला दिले तर ६० तास. पण २ थिअरी आणि २ प्रॅक्टिकल केले तर ३० अधिक ६०, एकूण ९० तास मिळतात. क्रेडिट तेवढेच, पण हाताने काम करायला साठ तास. आम्ही तसंच मांडलं.

दुसरा मसुदा केला. मुद्दे ३८ वरून १६ वर आणले. आता तर जमलंच, असं वाटलं. सर म्हणाले, ‘एकदा पोरांसमोर ठेव.’ म्हणून एका शनिवारी पंधरा-वीस विद्यार्थ्यांशी बोललो. मी जोशात सांगतोय, हे सॉफ्टवेअर घ्यायचं, ते इन्स्टॉल करायचं. शेवटच्या रांगेतल्या एका मुलीने विचारलं, ‘सर, हे मोबाईलवर होईल का जी?’

मी म्हटलं, नाही, लॅपटॉप लागेल, १६ जीबी रॅम असेल तर बरं. ती ‘बरं सर’ म्हणाली आणि वही बंद केली.

नंतर कळलं, ती सालेकसा तालुक्यातून येते. गाडीची वेळ धरून निघावं लागतं, त्यामुळे कॉलेज सुटल्यावर लॅबमध्ये थांबता येत नाही. घरी लॅपटॉप नाही. फोन आहे, तोही भावासोबत वाटून.

मंडळी, आम्हा प्रोग्रॅमर लोकांमध्ये एक जुना विनोद आहे. टेस्टरने चूक दाखवली की डेव्हलपर म्हणतो, ‘माझ्या मशीनवर तर चालतं!’ मी नेमकं तेच केलं होतं. माझ्या मशीनवर चालणारा सिलॅबस लिहिला होता. आणि तो चार जिल्ह्यांत चालवायचा होता. नागपूरच्या नव्या लॅबमध्येही आणि जिथे एका कॉम्प्युटरवर दोघं-तिघं बसतात तिथेही.

त्या दिवशी घरी येऊन मी चिडचिड केली. वाटलं, म्हणजे आता गोंदियाच्या पोरांना सोपं सोपं शिकवायचं का? पुण्या-हैदराबादच्या मुलाखतीत कुणी ‘तुझ्याकडे लॅपटॉप नव्हता का, अरेरे’ म्हणून सोडत नाही. मी स्वतः त्या मुलाखती दिल्यात, आता घेतोही. सरांशी यावरून वाद घातला. ते शांतपणे म्हणाले, ‘सोपं कर असं मी म्हटलं नाही. अवघड काय आहे ते आधी ठरव. रॅम अवघड नसते.’

इथून तिसरा मसुदा सुरू झाला, आणि यावेळी आम्ही उलटीकडून सुरुवात केली. राल्फ टायलर नावाच्या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने १९४९ मध्ये अभ्यासक्रमाबद्दल चार प्रश्न मांडले होते. साध्या मराठीत सांगतो. कशासाठी शिकवायचं? त्यासाठी कोणते अनुभव द्यायचे? ते कोणत्या क्रमाने? आणि जमलं की नाही हे कसं ओळखायचं? मी पहिल्या रविवारी यातला एकही प्रश्न विचारला नव्हता.

आम्ही आधी शेवट लिहिला. ‘विद्यार्थ्याला डेटाबेस समजेल’ हे वाक्य खोडलं, कारण समजलं की नाही हे तपासणार कसं? त्याऐवजी लिहिलं : दिलेल्या तीन तक्त्यांवरून विद्यार्थी प्रश्नाचं उत्तर काढेल, आणि उत्तर चुकीचं आलं तर चूक कुठे झाली ते दाखवेल. यासाठी ब्लूमची १९५६ ची वर्गवारी आणि तिची २००१ मधली सुधारित आवृत्ती कामी येते. आठवणं, समजणं, वापरणं, विश्लेषण, मूल्यमापन, निर्मिती. पीजीचा पेपर पहिल्या दोन पायऱ्यांवरच अडकला तर ती पीजी कसली?

मग प्रत्येक मुद्द्याला एक प्रश्न विचारला, ‘दहा वर्षांनी ही ओळ जुनी वाटेल का?’ डॉकर २०१३ मध्ये आलं. उद्या दुसरं काही येईल. पण रिलेशनल मॉडेलचा कॉड यांचा शोधनिबंध १९७० चा आहे, एसक्यूएल १९७४ च्या सुमाराचं. मी आजही रोज ऑफिसात तेच लिहितो. म्हणून सिलॅबसमध्ये संकल्पना ठेवल्या, आणि टूलची नावं शिक्षकांच्या अध्यापन योजनेत टाकली, जी दरवर्षी बदलता येते. सिलॅबस बदलायचा तर पुन्हा मंडळ, विद्याशाखा, परिषद अशी वारी.

प्रॅक्टिकलसाठी एसक्यूलाईट घेतलं. ते जुन्या कॉम्प्युटरवर चालतं, फोनवरही चालतं. बाकीचं ब्राउझरमधल्या नोटबुकवर. म्हणजे सराव फोनवर करता येईल. परीक्षेचं काम मात्र कॉलेजच्या लॅबमध्ये आणि वेळापत्रकातल्याच तासांत. कॉलेज सुटल्यावर थांबावं लागेल असं काहीही ठेवलं नाही.

आणि अवघड काय? तर डेटा. पुस्तकातला धुतलेला, इस्त्री केलेला नाही. आपला. गोंदिया हे नाव इंग्रजीत कुठे ‘वाय’ घालून लिहितात, कुठे न घालता. कॉम्प्युटरला ती दोन गावं वाटतात. आपल्याच जिल्ह्यात सडक अर्जुनी आहे आणि अर्जुनी मोरगावही आहे. नुसतं ‘अर्जुनी’ लिहिलेली नोंद कोणत्या तालुक्यात टाकाल? गोरेगाव आपल्याकडेही आहे आणि मुंबईतही. अ‍ॅगमार्कनेटवर बाजार समित्यांचे धानाचे भाव मिळतात, राईस मिलवाल्यांकडे वर्षानुवर्षांच्या वह्या आहेत, जिल्ह्यात माजी मालगुजारी तलाव आहेत, म्हणजे आपले मामा तलाव, त्यांच्या याद्या आहेत. यातलं काहीतरी घ्यायचं, साफ करायचं, आणि एका खऱ्या प्रश्नाचं उत्तर काढायचं. हा मिनी प्रोजेक्ट. मी मुलाखत घेतो तेव्हा समोरच्याला टूल किती येतात यापेक्षा त्याने कधी असला घाणेरडा डेटा हाताळलाय का, हे मला जास्त बघायचं असतं.

सरांनी आणखी एक गोष्ट घातली, जी मला कधीच सुचली नसती. तिसरं सेमिस्टर पावसाळ्यात सुरू होतं, म्हणजे रोवणीचे दिवस. दिवाळीनंतर मंडई आणि धान कापणी. त्या दिवसांत वर्ग रिकामा असतो आणि आपण पोरांना बेशिस्त म्हणतो. म्हणून पहिल्या युनिटमध्ये असं काही ठेवलं नाही, की ते हुकलं तर पुढचं सगळंच हुकेल. उजळणीसाठी चार तास राखून ठेवले.

सगळं जमलं असं नाही. क्लाउडचा भाग काढताना मला अजूनही चुटपुट लागते. त्यासाठी स्वयमवरचे कोर्स सुचवलेत, पण सुचवणं आणि शिकवणं यात फरक आहे, हे मलाही कळतं. कुणाला तरी तो भाग मुलाखतीत नडेल, आणि तो निर्णय माझ्याही सहीचा असेल. आणि हा मसुदा अजून मसुदाच आहे. मंडळात त्यातलं किती टिकेल, सांगता येत नाही.

तर तुमच्यासाठी तीन कामं. एक, तुमच्या सिलॅबसची पीडीएफ आज उघडा, आणि युनिटच्या आधी ‘कोर्स आउटकम’ वाचा. शेवटी तुम्हाला काय करता यायला हवं, ते तिथे लिहिलेलं असतं. दोन, तास मोजा. कोणत्या युनिटला किती दिलेत ते बघा आणि शिक्षकांना विचारा. तीन, नोकरीला लागलेल्यांसाठी : आपल्या जुन्या कॉलेजला एक फोन करा. शिव्या देणं सोपं आहे, मी चार वर्षं दिल्यात. एक युनिट लिहून बघा.

आणि हो, तिसरा मसुदा घेऊन मी परत गेलो तेव्हा ती मुलगी होती. तिने फोनवर एसक्यूलाईट उघडलं, गाड्यांच्या वेळापत्रकाचा छोटा तक्ता केला आणि दहा मिनिटांत मला विचारलं, ‘सर, रात्री बाराच्या नंतर पोहोचणारी गाडी आधी पोहोचली असं काऊन दाखवते?’

मंडळी, तारीख आणि वेळेचा हा घोळ मी नोकरीच्या दुसऱ्या वर्षी शिकलो होतो.

चला, भेटू पुढच्या भागात. तुमच्या सिलॅबसमधला एक मुद्दा, जो तुम्ही काढून टाकाल, आणि एक, जो काही झालं तरी ठेवाल, मला व्हॉइस नोटवर कळवा. काळजी घ्या!