सभेची वाट

(न्यासाच्या महोत्सवानिमित्त उचगाव येथे दिलेले भाषण)



महोत्सवाच्या व्यासपीठावर गोड बोलावे असा शिरस्ता आहे. पण दुसऱ्याचे दुःख आपले मानणाऱ्या न्यासापुढे एक अवघड विषय मांडण्याची परवानगी आम्ही मागतो. विषय दारूचा आहे. दारू वाईट, हे सांगायला आम्ही उभे नाही. ते पिणाराही जाणतो. ज्याला ती सोडायची आहे त्याने जायचे कोठे, एवढाच आमचा प्रश्न आहे.

आम्ही वाढलो त्या घरात दारू निषिद्ध. त्यामुळे हा विषय आपला नव्हेच, अशी आमची कित्येक वर्षे समजूत होती. मग आमच्या नात्यातील, वयाने लहान अशा एका गृहस्थांचे व्यसन उघडकीस आले. त्यांच्या अनुमतीनेच हे सांगत आहोत. जेथे पिणे हे पाप, तेथे पिणारा दुप्पट लपतो आणि घरचे चौपट लपवतात. आम्ही पडलो शिक्षक. उपदेश केला, शपथा घातल्या. प्रत्येक शपथ त्यांनी मनापासून घेतली आणि प्रत्येक शपथ मोडली. हा आजार आहे, नुसत्या शपथेने तो हटत नाही, हे आम्हाला एका डॉक्टरांनी समजावले. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या सभा भरतात, तेथे न्या, असेही त्यांनीच सांगितले.

सभा शोधणे सोपे नव्हते. विचारायचे कोणाला? पत्ता विचारणे म्हणजेच घरची गोष्ट चव्हाट्यावर मांडणे! अखेर बेळगावातील एका सभेचा पत्ता मिळाला. पहिल्या खेपेस आम्ही दोघे फाटकापर्यंत गेलो. आत कोणी ओळखीचे भेटेल या भीतीने ते म्हणाले, "भाईजान, आज नको." आम्ही मुकाट्याने उचगावची बस धरली. पुढच्या आठवड्यात ते आत गेले व आम्ही बाहेर थांबलो. परत आल्यावर ते म्हणाले, "तिथं मला कुणी शिकवलं नाही. त्यांनी आपापलं सांगितलं, आणि ते माझंच होतं." शिक्षकाला हे बोल बोचले, पण पटले.

या सभांचा उगमही अशाच शोधातून झाला. १९३५ च्या मे महिन्यात अमेरिकेतील अ‍ॅक्रन शहरी न्यूयॉर्कचे बिल विल्सन एका हॉटेलात एकटे उभे होते. धंद्याचे काम फसले होते, दारू सोडून काही महिनेच झाले होते, आणि जवळच मद्याचे दालन गजबजले होते. तिकडे न जाता त्यांनी टेलिफोन उचलला व बोलण्यासाठी दुसरा मद्यपी शोधू लागले. त्यातून डॉ. बॉब स्मिथ भेटले. पंधरा मिनिटांच्या बोलीवर आलेले डॉक्टर कित्येक तास बसले. १० जून १९३५ हा त्यांच्या मद्यमुक्तीचा दिवस 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस'चा स्थापनादिन मानतात. १९५७ साली ही चळवळ भारतात आली. सभासदत्वाला अट एकच: दारू सोडण्याची इच्छा. फी नाही, जातधर्म नाही, आडनावही नाही.

आपल्या महाराष्ट्रात पुण्याचे 'मुक्तांगण' १९८६ साली डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी सुरू केले, पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांनी त्यास आर्थिक हातभार लावला. तेथेही उपचार संपले म्हणून भेटीगाठी संपत नाहीत. घरी परतलेल्यांसाठी पाठपुराव्याच्या सभा असतात, आणि पत्नींसाठी 'सहचरी' हा गट आहे. पिणाऱ्याइतकेच त्याचे घरही दुखावलेले असते.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. रोज पुष्कळ पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केली तर कंप, झटके, भ्रम होऊन प्रसंग जिवावर बेतू शकतो. म्हणून आधी डॉक्टर, मग सभा. धारवाडला मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा सरकारी दूरध्वनी आहे, आणि टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. सभा 'खुली' की 'बंद' हेही विचारून घ्यावे; खुल्या सभेत घरच्यांना बसता येते, बंद सभा केवळ मद्यपींची असते.

आता आमची विनंती. हा भाग मुंबई राज्यात असताना १९४९ चा दारूबंदी कायदा येथेही होता. कायद्याने दुकान बंद होते, मनाची ओढ बंद होत नाही. त्यासाठी माणूस लागतो, आणि माणसांना बसायला जागा लागते. न्यासाने आठवड्यातून एक संध्याकाळ एक खोली मोकळी ठेवावी, म्हणजे आपल्या माणसांना आपल्या भाषेत बोलता येईल. मात्र येथे आपला दानधर्म चालायचा नाही! ही मंडळी बाहेरची देणगी घेत नाहीत. खोलीचे माफक भाडे देऊ करतील, ते विश्वस्तांनी निमूटपणे घ्यावे. दारावर दात्याची पाटी नको, छायाचित्र नको, अहवालात नावे नकोत. आणि त्या संध्याकाळी फाटकाशी कोण आले, कोण गेले, हे आपण कोणीही पाहू नये. गावाकडून मिळणारी सर्वांत मोठी देणगी हीच.

आमचे ते नातेवाईक मध्ये एकदा घसरले. सभेने त्यांना दार लावले नाही. ते पुन्हा गेले. किती दिवस झाले असे आता कोणी विचारले, तर ते म्हणतात, "आजचा दिवस गेला." असा एक दिवस आपल्या गावातील आणखी एखाद्या घराला लाभो, एवढीच प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.